येसाईचा मांडव

२ नोव्हेंबर. सकाळी ढग, नऊनंतर ऊन, वारा नाही.

आंबेकुंडच्या वरच्या उतारावर दुधी भोपळ्याचा एकच मोठा मांडव आहे. त्याला येसाईचा मांडव म्हणतात. आम्ही पोहोचलो तेव्हा पहिला तोडा नुकताच झाला होता. टोपल्या भरल्या होत्या, पण एकाही दुधीला कोणी विळी लावली नव्हती. गावातली सर्वांत वयस्क बाई प्रत्येक वेलाच्या दुधीची कच्ची फोड खात नाही, तोवर इथे दुधी शिजत नाही. त्यामागची हकिकत लहानू भांगरे या वृद्ध गृहस्थांनी आम्हाला बांधावर बसवून सांगितली.

फार पूर्वी ऐन सुगीत गावात ताप आला, असे सांगतात. ताप उतरला, पण जाताना सगळ्यांची चव घेऊन गेला. मीठ आणि राख जिभेवर सारखीच लागे. मेलेल्यांसाठीही कोणी फारसे रडले नाही म्हणे. कापणीला कोणी उठले नाही. पीक रानडुकरांनी नेले. राहिले ते मांडवावरचे दुधी. वेल चार होते. एक लांबडा, भराभर वाढणारा, पण अंगात नुसते पाणी. एक गोल, सावकाश भरणारा, दाट गराचा, पोटाला आधार देणारा. आणि दोन सुरईच्या आकाराचे. त्यांनी बाळंतिणीला दूध येते, असा गावाचा अनुभव.

आदल्या वर्षी कुंपणावर रानतुंबा, म्हणजे कडू रानभोपळा, फुलला होता, त्याच्या संगतीने बी बिघडले. एका घरात चारही वेलांचे दुधी एकत्र शिजवले आणि सकाळपर्यंत दोन माणसे गेली. एरवी पहिल्याच घासाला कडू कळले असते. भगताने सांगितले, एक वेल खोटा आहे. कोणता, ते त्यालाही दिसेना. भरल्या मांडवाखाली गाव उपाशी बसले.

गावातल्या म्हाताऱ्या येसाईचा मुलगा तापातच गेला होता. सून सगुणा ओली बाळंतीण. तिचे दूध आटले. पोर रडायचे थांबले, तेव्हा सगुणा विळीकडे गेली.

"आत्याबाई, मी खाऊन बघते."

"तू खाल्लंस आन् गेलीस, मंग पोराला काय मी पाजू? बस खाली."

येसाईने लांबड्या दुधीच्या फोडी वाडगाभर खाल्ल्या आणि दिवेलागणीपर्यंत उंबऱ्यात बसून राहिली. काही झाले नाही. सगुणेचे पोट भरले, दूध आले नाही. दुसऱ्या दिवशी गोल दुधी. त्यानेही काही झाले नाही. गाव जेवले. सगुणेला दूध आले नाही.

उरले दोन सुरईचे. तिसऱ्या सकाळी येसाईने त्यांतला एक कापला. सगुणेने तिचा हात धरला.

"सोड गं. आता मी ऱ्हायले काय, गेले काय, तुला वेल कळंल."

दुपारी तिला ओकाऱ्या सुरू झाल्या. दिवेलागणीला ती गेली.

सगुणेने तिला चादरीने झाकले. मग मांडवावर जाऊन तो वेल मुळासकट उपटला, दुसऱ्या सुरईचा दुधी तोडला, शिजवला आणि सासूशेजारी बसून सगळा खाल्ला. चव लागली नाही म्हणे. पहाटे दूध आले. पोर प्याले.

ते पोर जगले. भांगऱ्यांची पाच घरे त्याच्या वंशातली, असे लहानूबाबा म्हणाले.

आजही तिथे चारच वेल लावतात. फोड खायला लेकुरवाळीला बसू देत नाहीत. या वर्षी गावात सर्वांत वयस्क हौसाबाई होत्या. फोड चावायला त्यांना वेळ लागत होता.

"आत्ये, गिळ की लवकर, पोरं खोळंबलीत," एकीने हाक दिली.

"तुझी सासू हाये का मी, घाई करायला?" हौसाबाई म्हणाल्या आणि त्यांनी फोड गिळली.

पहिल्या तीन वेलांच्या फोडी त्यांनी गिळल्या. चौथी थुंकली. साडेदहा वाजता तो वेल उपटला.