बानहायची टाळी

फार फार वर्षं झाली, मंडळी, या गोष्टीला. तैवान बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर ओआबोए नावाचं गाव होतं. तिथं कालवं फोडून पोट भरणारा खो बानहाय राहायचा. तो एकदा निवडणुकीला उभा राहिला आणि पडला. पुन्हा उभा राहिला, पुन्हा पडला. पडेल नाहीतर काय! मतं मोजायला घेतली की दिवे हटकून जायचे, आणि दिवे येईस्तोवर पेटीत सरकारी उमेदवाराची मतं फुगलेली असायची.

तिसऱ्या खेपेला ऐन दिवेलागणीला समुद्रदेवी माझूआईच्या देवळात पेटी उघडली. पेटीपाशी मतमोजणीचे सरकारी अध्यक्ष, दारात बंदूकवाले शिपाई. अंगणात अख्खं गाव, हातात कालवं फोडायच्या सुऱ्या. बानहायनं सुऱ्यांकडं पाहिलं, बंदुकांकडं पाहिलं. आज दिवे गेले तर ही पोरं आत घुसणार आणि शिपाई गोळ्या घालणार. आपल्या एका खुर्चीपायी मुडदे पडणार!

आणि गेले की हो दिवे!

"टाळ्या वाजवा!" बानहाय ओरडला. "आतल्यांनी, बाहेरच्यांनी, सगळ्यांनी! टाळी वाजवणारा हात पेटीत जात नाही!"

गाव टाळ्या पिटू लागलं. असं म्हणतात, त्या आवाजानं खाडीतले मासे उसळून वाळूवर पडले. बानहाय मात्र कान देऊन ऐकत होता. पेटीपाशी एका जागी आवाजच नव्हता.

"अध्यक्षसाहेब," तो म्हणाला, "तुमची टाळी ऐकू येत नाही."

मग अंधारातून एक बारीकशी टाळी आली. मग दुसरी. दिवे येईपर्यंत कुणी थांबलं नाही. असं म्हणतात, माझूआईच्या मूर्तीचेसुद्धा तळवे लाल झाले होते.

मग एकेक चिठ्ठी वर धरून, नाव पुकारून मतं मोजली. आणि बानहाय पडला! या वेळी अगदी खराखुरा पडला.

"खोटं आहे!" अंगण खवळलं. "काका, तुम्ही नुसतं हो म्हणा, चौकी जाळतो!"

बानहायला रडू फुटलं. "खोटं कसं रे? तुमचेच हात वाजत होते ना? पडलो मी. खरंच पडलो." आणि सोललेल्या हातांनी त्यानं जिंकलेल्यासाठी टाळी वाजवली. हळूहळू सुऱ्या खाली झाल्या.

पुढं तो जिंकला, हरला, पुन्हा जिंकला. केस पांढरे होईस्तोवर राजधानीच्या सभागृहात गावासाठी भांडला.

आजही ओआबोएत पेटी उघडताना दिवे मुद्दाम घालवतात आणि सगळे टाळ्या वाजवतात. निकालानंतर मात्र पहिली टाळी पडलेल्यानंच वाजवायची. तोवर सारं गाव गप्प उभं राहतं, कितीही वेळ लागो.