पाट्यावरची रंगीत माळ

“आणि हा जांभळा कुणाचा?” मास्तरांनी विचारलं.

“बोट जेमतेम शिरेल अशा भेगेचा,” ऋजुता म्हणाली. “त्याहून जरा रुंद असली तर हिरवा. मग लाल, मग पिवळा. मूठ शिरेल तिथं निळा. त्याहून मोठी असली तर हा टोकाचा राखाडी.”

“आणि पिवळ्याच्या जागी लाल टांगला गेला तर?”

“तसं होणारच नाही, मास्तर.”

मास्तरांनी मान डोलावली...

दिघे मास्तरांनी गावच्या शाळेत उभी हयात चित्रकला शिकवली आणि रविवारी येतील त्यांना कातळ चढायला शिकवलं. शाळा सुटली, कातळ सुटला नाही. त्यांच्या पडवीत बसलं की समोर दोन कातळ दिसतात. एक रुंद, जरासा कललेला. त्याला गाव पाटा म्हणतं. शेजारी सुळका उभा आहे, तो अर्थातच वरवंटा. कुण्या देवीनं वाटण अर्धं टाकून जेवायला जावं, तशी दोघांची मांडणी आहे.

दर हिवाळ्यात मास्तर आपल्या चढाई मंडळाला वरवंट्यावर नेत आणि एकालाच आघाडी देत. आघाडी म्हणजे सगळ्यांच्या पुढं चढणं. मागच्यांना वरून दोर असतो, पुढच्याला नसतो. त्यानं आपला दोर मागं ओढत न्यायचा आणि जाता जाता भेगांत धातूचे फासे बसवून त्यांत तो अडकवायचा. पडला, तर शेवटचा फासा त्याला धरतो. या फाशांची कळ ओढली की पाकळ्या मिटतात, सोडली की भेगेत उलगडून घट्ट बसतात. चढणारे त्यांना ‘फ्रेंड’ म्हणतात. मास्तर सोबती म्हणत. ते गळ्यात अडकवायच्या पट्ट्याला टांगले की झाली माळ.

ऋजुता तालुक्याच्या गावी औषधांच्या दुकानात काम करायची. तिच्या दुकानात डोळे मिटून हात घातला तरी हवी ती गोळी हाती यायची, असं गिऱ्हाईक सांगायचं आणि तिला ते आवडायचं. तीन हिवाळे ती वरवंट्यावर मागून चढली होती. यंदा आघाडी मिळाली तर ठीक, नाहीतर हा नाद सोडून द्यायचा, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं. तोंडानं मागायची मात्र तिला लाज वाटत होती. म्हणून मंडळाची सगळी माळ घरी नेऊन तिनं ती नव्यानं लावून आणली होती.

आणि काय लावली होती! ज्या रंगाचा सोबती, त्याच रंगाची चिकटपट्टी दोर अडकवायच्या त्याच्या कडीला. ज्या रंगाची कडी, त्याच रंगाचा दोरा तिच्या गाठीला. लहानाकडून मोठ्याकडे सगळे एका रांगेत, सारख्या अंतरावर. पडवीतल्या वलणीवर तिनं ती माळ टांगली, तेव्हा आतून चहा घेऊन आलेल्या मास्तरांच्या पत्नी माईसुद्धा थबकल्या. आपला मसाल्यांचा मिसळणाचा डबा या मुलीच्या हाती द्यायला हवा, असं त्या म्हणाल्या आणि कप ठेवून आत गेल्या.

मास्तरांनी चहा संपेपर्यंत माळेकडे पाहिलं.

“सुरेख आहे,” ते म्हणाले.

ऋजुतानं माळेतली एक कडी उगाच सरळ केली.

“पाटा चढून दाखव. पुढून. मी मागून येतो.”

ऋजुता आनंदानं उठून उभी राहिली. मास्तर पाट्यावर उगाच कुणाची परीक्षा घेत नाहीत, हे सगळ्या मंडळाला ठाऊक होतं.

पाट्याच्या मधोमध एक भेग पायथ्यापासून माथ्यापर्यंत गेली आहे, कुठं अरुंद, कुठं ऐसपैस. मास्तर खाली दोर धरून उभे राहिले. ऋजुतानं माळ गळ्यात घातली, हाताला माती चोळली आणि निघाली. पायथ्याशी भेग रुंद होती. तिथं तिनं राखाडी सोबती बसवून दोर अडकवला. तो माळेच्या टोकाला होता. काढला तरी बाकीची ओळ शाबूत दिसत होती.

चार हात वर गेल्यावर भेग अगदी पिवळ्याच्या मापाची झाली. जणू त्याच्यासाठीच कोरलेली. ऋजुताचा हात पिवळ्यावर गेला आणि तिथंच थांबला. हा काढला तर लाल आणि निळ्याच्या मधे खिंडार पडणार. शिवाय इथं पायाखाली चांगली पायरी आहे. पुढं खरी गरज पडली तर काय करायचं? पाहुणे आले की काढू म्हणून काचेच्या कपाटात ठेवलेल्या कपबशा असतात ना, तसं काहीसं तिचं झालं. तिनं पिवळा सोडला आणि वर सरकली.

“बाई, लाव काहीतरी,” खालून मास्तर म्हणाले.

“लावते मास्तर. जरा वर.”

जरा वर पुन्हा पिवळ्याच्याच मापाची जागा आली. तीही तिनं सोडून दिली. मास्तरांनी पुन्हा सांगितलं, तिनं पुन्हा हो म्हटलं. त्यानंतर मास्तर गप्प झाले, कारण चढणाऱ्याच्या कानाशी फार बोलू नये.

माथ्याच्या अलीकडे पाट्याला पोट सुटलं आहे. तिथं पोहोचल्यावर ऋजुताचा डावा पाय थडथडू लागला. चढणारे याला शिलाई मशीन म्हणतात आणि एरवी त्यावर पोटभर हसतात. तिनं खाली पाहिलं. दोर सरळ खाली गेला होता, थेट त्या राखाडीपर्यंत, आणि राखाडी मास्तरांच्या डोक्याच्या जरासाच वर होता. आता काही लावावं म्हटलं तर एकही हात मोकळा नव्हता. मग कुलदैवताचं नाव घेत, दात आवळत, कशीबशी ती पोटावरून वर गेली.

माथ्यावर जुना लोखंडी खुंटा होता. तिनं स्वतःला त्याला बांधून घेतलं आणि वरून दोर धरला. मास्तर सावकाश चढून आले. त्यांच्या हातात राखाडी सोबती होता. तिनं तो घेऊन माळेच्या टोकाला अडकवला. ओळ पूर्ण झाली. माळ पाहून तिला बरं वाटलं.

“कसं झालं, मास्तर?”

मास्तर कपाळ पुसत होते. त्यांनी माळेकडे पाहिलं...

“एकाचीही जागा हलली नाही.”

ऋजुता खुलली. तेवढ्यात मास्तर पुढं झाले. तिच्या कमरेपासून निघालेला दोर त्यांनी उचलला, तिच्या गळ्यातल्या पिवळ्याची कडी उघडली, दोर त्यात घातला आणि कडी मिटवली.

“झालं. आता पडलीस तरी काळजी नाही.”

ऋजुतानं पिवळ्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. त्यांचा चेहरा वर्गात आकृती काढून दाखवताना असेल तसा गंभीर होता.

“मास्तर, हा तर माझ्याच गळ्यात आहे.”

“मग?”

“मी पडले तर हाही माझ्याबरोबर पडेल.”

“असं होय...” मास्तर म्हणाले, जणू ही नवीनच माहिती होती.

ऋजुताला आधी हसू आलं. मग ते अर्ध्यात अडकलं. पाट्याच्या पोटावर थडथडणारा आपला पाय तिला आठवला आणि जी भीती तिनं वर आल्या आल्या झटकून टाकली होती ती आत्ता अंगावर आली. ती मटकन खाली बसली.

मास्तरही तिच्याशेजारी टेकले. खालच्या गावात कुणीतरी बैलाला हाका मारत होतं.

“मी खाली दोर घट्ट धरला होता,” ते म्हणाले. “पण मधे कुठं तो अडकलेलाच नव्हता गं. घाम फुटला मला.”

खोटं कशाला बोलायचं, ऋजुताला रडू येत होतं. आघाडी तर गेलीच, आणि गेली ती या रंगांपायी, असं तिच्या मनात आलं. पण पिवळ्यात अडकलेला तो दोर तिला दिसला आणि तिला पुन्हा हसू फुटलं. आपण आपल्यालाच बांधून ऐटीत बसलोय, याहून मोठा वेडेपणा कोणता? मास्तरही हसू लागले. दोघं इतकी हसली, की खाली अंगणात वाळवण घालणाऱ्या माईंनी डोळ्यांवर हात धरून वर पाहिलं.

हसणं ओसरल्यावर तिनं नाक पुसलं आणि आपण उतरून पुन्हा चढतो म्हणाली. मास्तरांनी नुसती मान हलवली. दोघं दोरावरून खाली आली.

या खेपेला राखाडी गेला आणि पाठोपाठ पिवळाही गेला. वर पुन्हा पिवळ्याचीच जागा आली, पण पिवळा आता खाली होता. ऋजुता क्षणभर गोंधळली. मग तिनं भेगेत हात घालून चाचपलं. कोपरापर्यंत आत ती अरुंद होत होती. तिथं लाल चपखल बसला. त्यावर निळा. मग एकदम जांभळा, माळेच्या पार दुसऱ्या टोकाचा. तो बसवताना त्याच्या कडीवरची चिकटपट्टी कातळाला घासून निघाली आणि वाऱ्यावर उडाली. ऋजुतानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पोटाशी पोहोचल्यावर तिनं हिरवा लावला आणि दोर अडकवला. पाय थडथडला नाही. आपण कसलंतरी गाणं गुणगुणतोय, हे तिला माथ्यावर पोहोचल्यावर कळलं.

“मास्तर,” ती वरून म्हणाली, “माळ रिकामी.”

तिनं वाकून खाली पाहिलं. काळ्या भेगेत हिरवा, जांभळा, निळा, लाल, पिवळा, राखाडी असे सोबती बसले होते आणि दोर त्यांच्यामधून खाली मास्तरांपर्यंत गेला होता.

मास्तर चढू लागले. एकेक सोबती भेगेतून सोडवत, हाती येईल तसा आपल्याच गळ्यातल्या पट्ट्याला अडकवत ते येत होते. माथ्यावर पोहोचले तेव्हा ते पोळ्याच्या बैलासारखे सजले होते. पिवळा हिरव्यावर चढलेला, लाल उलटा, राखाडी खांद्यावर लोंबणारा.

ऋजुताचा हात सवयीनं ते नीट लावायला पुढं झाला, आणि मग ती स्वतःशीच हसून थांबली. समोर वरवंटा उभा होता. ऊन कलल्यामुळं त्याची भेग इथून स्वच्छ दिसत होती. ती वळत होती, मिटत होती, मधेच रुंद होत होती. कुठल्या रंगाची आहे, हे लांबून काही कळत नव्हतं.

तीन हिवाळ्यांत जे विचारता आलं नव्हतं, ते अजूनही तिला सरळ विचारता येईना.

“मास्तर... रविवारी वरवंट्यावर... आधी कुठला रंग काढावा लागेल?”

मास्तर गळ्यातला पट्टा काढत होते. त्यांनी तो सगळा गुंता तसाच तिच्या गळ्यात घातला, आणि समोरच्या सुळक्याकडे बोट दाखवलं.

“मागून येणाऱ्याला काय विचारतेस, बाई? वरवंट्याला विचार.”