नाइसचं मूळ

इंग्रजी शब्द अजून आपापल्या पायांनी हिंडत होते, तेव्हाची गोष्ट. कोशआजोबांनी हुकूम काढला की आधी मूळ सांगा, मगच पानावर जागा घ्या. ज्याचं मूळ हलकं, तो शेवटच्या पानावर.

'नाइस'ला घाम फुटला. लोक आता त्याला 'छान' म्हणायला बोलावत. पण जन्मला तेव्हा त्याचा अर्थ 'मूर्ख' होता, आणि ते त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

रांगेत त्याच्या पुढे 'सिली' उभी होती. तिला लोक 'खुळा' म्हणायला बोलावत.

"तुझं मूळ काय गं?" आजोबांनी विचारलं.

"पुण्यवान," ती म्हणाली. "मग मला पहिल्या पानावर बसवताय ना, आजोबा? लोक मला 'खुळा' म्हणायला बोलावतात, ते काय, त्यांचं ते बघतील."

रांगेत खसखस पिकली. आजोबांनाही हसू आवरेना. त्यांनी हुकुमाचा कागद फाडून टाकला.

"नाइस, तुला कधी हाक मारतात रे?"

"काही आवडलं की."

"मग तसंच लिहितो. जा, बस."

नाइस दोन पावलं गेला आणि परत आला. "आजोबा, माझं मूळ 'मूर्ख' आहे."

"असू दे," आजोबा म्हणाले. "पुढे कोण आहे?"