न गळणारा डबा

भांडी आणि झाडं एकमेकांशी बोलत, त्या काळची गोष्ट. तेलाच्या एका रिकाम्या डब्याला आपण कधी थेंबभरही गळलो नाही याचा भारी अभिमान होता. इंदुताईंनी पहिल्यांदाच बाग करायला घेतली, तेव्हा कढीलिंबासाठी त्यांनी हाच डबा निवडला. त्या बुडाला भोक पाडायला बसल्या आणि डबा घाबरला. भोक पडलेले डबे भंगारात जाताना त्याने पाहिले होते. त्याने अंग आकसलं, खिळा घसरला आणि हातोडी इंदुताईंच्या बोटावर बसली.

"राहू दे मेलं भोक," म्हणत त्यांनी तशीच माती भरून रोप लावलं. रोज मायेने तांब्याभर पाणी घातलं.

आठवड्याने रोप म्हणालं, "दादा, माझी मुळं बुडाली. थोडं पाणी जाऊ दे ना."

"मी गळणाऱ्यातला नाही," डबा म्हणाला.

पानं पिवळी पडून झडली. "माझ्या हातालाच गुण नाही," म्हणत इंदुताईंनी डोळे पुसले. पुन्हा त्यांनी काहीच लावलं नाही.

साचलेल्या ओलीने डब्याचं बूड गंजलं आणि एक दिवस आपसूक भोक पडलं. पाणी निघून गेलं.

"बाळा, बघ, वाट झाली," डबा हळूच म्हणाला.

वाळकी काडी काही बोलली नाही.