आईच्या वहीतला तास

धारवाडकर सर अर्थशास्त्र शिकवायचे. हजेरी पंच्याहत्तर टक्के नसेल, तर ते परीक्षेच्या अर्जावर सही करत नसत. ऋजुताची भरली एकतीस, आणि आज अर्जाचा शेवटचा दिवस होता.

"वर्ष बुडेल तुझं!" सर भर वर्गात गरजले. "चुकवलेल्या तासांना मी काय शिकवलं, सांग बघू!"

"आजच्या तासाला काय शिकवणार, तेही सांगते, सर." ऋजुताने एक जुनी वही उघडली. "मागणी आणि पुरवठा. उदाहरण, टेलिफोनसाठी सात वर्षं थांबावं लागतं. मग विनोद, फोन येईपर्यंत जिला करायचा तिचं लग्न होऊन जातं. बाजूला लिहिलंय, 'इथे सर हसतात.'"

सरांनी आपली पिवळी पडलेली वही पाहिली. अगदी तेच पान उघडं होतं.

"ही वही कुणाची?"

"आईची. तीस वर्षांपूर्वी ती तुमच्याच वर्गात होती. पण सर, तासाला नुसती तुमची वहीच येते. तुम्ही यायला लागा, मीही रोज येईन."

सरांनी आपली वही मिटली आणि अर्जावर सही केली.

दुसऱ्या दिवशी ते रिकाम्या हातांनी आले. ऋजुता पहिल्या बाकावर होती.

"फोनसाठी सात वर्षं कोण थांबलंय?" त्यांनी विचारलं.

एकही हात वर झाला नाही. सर हसले. ते हसू आईच्या वहीत नव्हतं.