शिसवीला हवी सुरी

तर काय, एक होती लोहारीण. नाही रे, आज राजा नाही. राजाला आपण काल झोपवलंय, त्याला झोपू दे. आज लोहारीण.

तिचं नाव केसर आणि तिच्या नवऱ्याचं नाव भिवा. घराच्या पडवीतच त्यांची भट्टी होती. भिवा भाता ओढायचा आणि केसर ऐरणीवर पातं घडवायची. तिची सुरी म्हणजे ज्याची त्याच्याच हाताच्या मापाची. कुणी आलं की केसर त्याच्या हातात ओल्या मातीचा गोळा द्यायची. म्हणायची, "आवळा बघू मूठ." मग गोळ्यावर बोटं उमटायची, आणि ती तश्शी लाकडाची मूठ कोरायची. ज्याची सुरी त्याच्या हातात लोण्यातून फिरल्यासारखी फिरायची. दुसऱ्याने उचलली, तर साधं वांगं चिरायचं नाही, बरं का.

मुठीचं लाकूड भिवा आणायचा. गावाबाहेर एक म्हातारी शिसव होती. तो यायचा, खालची फांदी तोडायचा आणि खांद्यावर टाकून चालू लागायचा. एकदा काय झालं, ऊन फार झालं. भिवाने फांदी तोडली, मग जरा बुंध्याला टेकला, आणि लागला की त्याचा डोळा! मग बुंध्याची साल हळूच उघडली. भिवा अलगद आत गेला. साल मिटत आली, आणि बाहेर राहिलं नुसतं त्याचं नाक.

केसर भाकरी घेऊन आली. बघते तर काय, फांदी खाली, कुऱ्हाड खाली, आणि झाडातून आवाज येतोय, घुर्र, घुर्र! हसताय काय? तिने भाकरीचं फडकं तिथेच बुंध्याशी टाकलं!

"शिसवबाई, माझा नवरा सोडा हो," तिने हात जोडले.

"सोडते की," शिसव म्हणाली. "साऱ्या गावाच्या सुऱ्यांना मूठ माझी. मला कधी सुरी दिलीत? माझी सुरी करून आण. आणि लवकर आण. साल एकदा पुरती भरली, की मलाही ती उघडता यायची नाही."

मग केसरने काय केलं, फांदीच्या बेचक्यात माती दाबून माप घेतलं आणि धावत घरी आली. भाता ओढायला भिवा नव्हता. तीच भाता ओढी, तीच घाव घाली. सवयीने "जोरात ओढा की हो" म्हणे, आणि मग आपणच जोरात ओढी. लाल पातं पाण्यात बुडवलं, चुर्र झालं. सुरी घेऊन ती शिसवीकडे गेली. सुरी कधी कुणाच्या हातात देऊ नये, खाली ठेवावी आणि घेणाऱ्याने उचलावी. तशी तिने खाली ठेवली. फांदी वाकली, सुरी उचलली, आणि धप्पकन टाकली. "ही नव्हे," शिसव म्हणाली. साल सरकली. आता नाकाचा नुसता शेंडा दिसत होता.

मग केसरने मुळाचं माप घेतलं. पुन्हा भाता, पुन्हा घाव. सुरी खाली ठेवली. मूळ वर आलं, सुरी घेऊन मातीत गेलं, आणि आतून ओरडलं, "अगं आई गं, कापलं!" शिसव चिडली. "ही पण नव्हे!" साल आणखी सरकली. आता नाक दिसेना. बारीक फट तेवढी राहिली. घोरणंसुद्धा लांबून आल्यासारखं वाटत होतं.

केसर घरी येऊन ऐरणीपाशी बसली आणि हमसून हमसून रडली. भिवा तिचा फार लाडका होता, मग रडणारच ना. तेवढ्यात दारात एक माळीण आली. म्हणाली, "बाई, मला एक सुरी हवी." केसरने डोळे पुसले आणि रोजच्या सवयीने विचारलं, "कापायचं काय?"

आणि ती ताडकन उभीच राहिली! "अगं बया! शिसवबाईला मी हे विचारलंच नाही. घाबरून नुसती मापंच घेत बसले!"

माळीण राहिली दारात, केसर निघाली पळत.

"शिसवबाई, कापायचं काय?"

"आत्ता विचारलंस होय! मला वाटलं, लोहारणीला एवढं कळत असेल." शिसवीने उसासा टाकला. "वर बघ. शेंड्याजवळ बांडगूळ बसलंय. माझ्यातलं पाणी पिऊन पिऊन लठ्ठ झालंय. मी वाळत चाललेय. तुझा नवरा येतो, खालची फांदी तोडतो आणि जातो. वर म्हणून बघत नाही."

"मग कुऱ्हाडच आणू का?"

"कुऱ्हाडीने माझी फांदी जाईल. बांडगुळाच्या मुळ्या आत रुतल्यात, त्या अलगद काढाव्या लागतील."

"आणि हाताचं माप?"

"मला कुठे हात आहेत? चढणार तू. तुझाच हात घे."

आता गंमत बघा. गावभर सुऱ्या करणाऱ्या केसरने स्वतःच्या हाताचं माप कधी घेतलंच नव्हतं. घरात भाजी चिरायला होता एक मोडका कोयता! तिने गोळा मुठीत आवळला. बघते तर हात केवढासा, आणि सांडशी धरून धरून अंगठा वाकलेला. तिला आपल्याच हाताची माया आली. मग तिने पातळ, बाकदार पातं घडवलं, आणि भिवाने तोडलेल्या फांदीचीच मूठ बसवली.

मग तिने पदर खोचला आणि सरसर वर चढली. बांडगुळाची एकेक मुळी अलगद सोडवली आणि शेवटी सगळं बांडगूळ धप्पकन खाली! शिसवीने असा लांब श्वास घेतला की सगळी पानं सळसळली. साल उघडली आणि भिवा जांभई देत बाहेर आला.

"भाकरी आणलीस का गं?" तो म्हणाला.

केसर झाडावरच हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. मग खाली उतरून तिने बुंध्याशी ठेवलेली भाकरी सोडली आणि कांदा चिरायला घेतला.

"आण इकडे, मी चिरतो," भिवाने सुरी उचलली. कांद्यावर दाबली, घासली, पण कांदा काही चिरेना.

"ती नाही चिरायची तुमच्याने," केसर म्हणाली. "माझी आहे ती."

मग दोघं पोटभर जेवली. माळिणीलाही तिची सुरी मिळाली. भिवा, केसर, शिसवबाई, सगळी सुखात राहिली.

चला, आता मिटा डोळे. ज्याचे उघडे दिसतील, त्याला सकाळी भाता ओढायला पाठवीन.