नाकावरचं फडकं

दवाखान्याच्या वाटेवर, घाटात गाडी काळा धूर ओकत बंद पडली. मागच्या सीटवर सासूबाईंना दम्याने श्वास पुरत नव्हता, तरी मामंजींच्या धाकाने पदर तोंडावर ओढलेलाच होता.

"नव्या सूनबाईंचा पायगुण, दुसरं काय!" मामंजी गरजले आणि पुन्हा ॲक्सिलरेटर दाबू लागले. पेट्रोलचा भपकारा आला.

मी उतरून बॉनेट उघडलं. खडी क्रशरची धूळ शिरू नये म्हणून त्यांनी इंजिनाच्या हवेच्या तोंडावर गोधडीचा तुकडा आवळून बांधला होता. तो सोडून मी त्यांच्या हातात दिला.

"पेट्रोल भरपूर जातंय, मामंजी, हवाच पोचत नाही. गाडी काय नि सासूबाई काय, तुम्ही दोघींच्याही नाकावर फडकं बांधलंय."

आचके देत गाडी सुरू झाली. सासूबाईंनी पदर आपणच खाली घेतला.

दवाखान्यात डॉक्टर ओरडले, "एवढा उशीर का केलात?"

मी मामंजींकडे पाहिलं. फडकं अजून मामंजींच्याच हातात होतं.